साडेत्रेपन्न टक्के

एका रविवारी माझ्या बायकोच्या मामांच्या घरी आलेला एक फोन मी त्यांच्यापासून लपवला. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. मामांच्या गमती मात्र मी गेली सहा वर्षं मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला सांगत आलो आहे. लोक पोट धरून हसतात आणि म्हणतात, ‘अहो, हे लिहून काढा एकदा.’ आज लिहायला बसलो, तर गमतींच्या आधी हे वाक्य आलं. आलंय तर राहू दे. नाहीतर पुन्हा गमतीच सांगून उठेन.

बेसबॉलवर मामांइतकं प्रेम करणारा आणि बेसबॉलपासून इतका कमी आनंद मिळवणारा दुसरा माणूस अख्ख्या टेक्सासात नसेल. मामा मूळचे साताऱ्याचे, उंची पाच फूट चार इंच, आणि धंदा तेलाच्या कारखान्यांसाठी दाबाच्या टाक्या डिझाइन करण्याचा. एखादी टाकी कुठल्या दाबाला, कुठल्या जोडावर फुटेल हे आधी सांगण्याचा त्यांना तीस वर्षं पगार मिळाला, त्यामुळे जगाकडे बघण्याची त्यांची नजरच तशी झाली होती. आमच्या शुगर लँड गावात कोणाच्या घरी गेले की आधी छताकडे बघत. माझ्या लग्नात त्यांनी मंडपाचा खांब हलवून पाहिला होता आणि मग माझ्याकडे त्याच नजरेने पाहिलं होतं. आमच्या गावच्या टीमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, मैदानात उतरला, की पहिला बॉल पडण्याआधी मामांचा निकाल तयार असे: ‘हा सहाव्या इनिंगमध्ये फुटणार.’ फुटला तर ‘मी म्हटलं नव्हतं?’ आणि नाही फुटला तर ‘थांबा, अजून मोसम संपला नाही.’

हा खेळ त्यांना लागला तो विद्यार्थी म्हणून आले तेव्हा. ज्या घरात खोली घेतली, तिथल्या म्हाताऱ्या घरमालकिणीचा रेडिओ ओसरीवर असायचा आणि संध्याकाळभर त्यावर बेसबॉल चालू. मामांना ओळखीचं कोणी नव्हतं. बाईंना ऐकू कमी यायचं, म्हणून त्या दर बॉलनंतर ‘काय झालं?’ विचारत आणि मामा ओरडून सांगत. मामांचं इंग्रजी असं घडलं, समालोचकाच्या तोंडचं, साताऱ्याच्या आवाजातलं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत ‘तुमच्याबद्दल काही सांगा’ म्हटल्यावर ते म्हणाले होते, ‘सर, मी नऊच्या नऊ इनिंग टाकतो, मधे कोणाला बोलवावं लागत नाही.’ नोकरी मिळाली. क्रिकेटचं नाव काढलेलं मात्र त्यांना चालत नसे. ‘पाच दिवस खेळून जेवण करून घरी जायचं, हा काय खेळ झाला? त्याला लग्न म्हणतात.’

आणि तरी क्रिकेटवाल्या घरातली एक अंधश्रद्धा त्यांनी साता समुद्रापार आणलीच होती. टीमला सूर सापडला, की घरातल्या माणसाने जिथे असेल तिथून हलायचं नाही. उभा असेल त्याने उभं राहायचं, वाकला असेल त्याने वाकलेलं. एकदा मामी पुऱ्या तळत होत्या आणि झारा हवेत असताना आमच्याकडून पहिला फटका बसला. आतून मामांचा आवाज: ‘अगं, झारा खाली घेऊ नकोस!’ त्या दिवशी पाच धावा झाल्या आणि आम्ही काळ्या पुऱ्या खाल्ल्या. नागपूरचे एक दातांचे डॉक्टर त्यांच्याकडे पहिल्यांदाच जेवायला आले होते. ते बाथरूममध्ये गेले आणि इकडे सामना फिरला. डॉक्टरांनी दार उघडायला आणि मामांनी ‘आहात तिथेच थांबा, डॉक्टर!’ म्हणायला एकच गाठ पडली. ‘अहो, पण माझं झालंय,’ डॉक्टर आतून म्हणाले. ‘आमचं व्हायचंय,’ मामा म्हणाले. डॉक्टर पंचवीस मिनिटं टबाच्या काठावर बसून राहिले. पुढच्या सामन्याला मामांनी त्यांना आग्रहाने बोलावलं, आणि आल्या आल्या बाथरूमचा दिवा लावून दिला.

मला ते ‘जावईबापू’ म्हणत, अहो-जाहो करत, आणि माझी जागा ठरलेली होती: त्यांच्या डावीकडची हिरवी खुर्ची. ती मिलिंदची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाची. त्याचाच विषय आता निघणार आहे, म्हणून थोडं सावकाश लिहितो.

मिलिंदला मामांनी पाचव्या वर्षापासून कडेला बसवून स्कोअर लिहायला शिकवलं. बापलेक एकमेकांशी बोलत ते बॉलमधल्या वेळात. मामा मराठीत, तो इंग्रजीत, आणि कोणाचंच काही अडत नसे. तो इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एके दिवशी घरी येऊन म्हणाला, की मी कॉलेज सोडलंय, ओक्लाहोमातल्या एका लहान गावात धाकट्या लीगची टीम आहे, तिच्या मैदानाचं गवत राखायची नोकरी घेतली आहे. मामांनी रेडिओ बंद केला. रेडिओ चालू सामन्यात बंद झालेला मामींनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ‘गवत?’ मामा म्हणाले. ‘अरे, खेळ बघायचा असतो. त्याचं गवत कापायचं नसतं.’ मिलिंद म्हणाला, ‘बट यू लव्ह धिस, बाबा.’ ‘मी प्रेम करतो,’ मामा म्हणाले, ‘नोकरी नाही करत.’ तो गेला. दीड वर्ष बापलेकांत एक शब्द नाही.

मग एक पोस्टकार्ड आलं. वर नाव नाही, खाली सही नाही, मधे इंग्रजीत एकच ओळ: ‘तुमचा लेफ्ट फील्डर झोपलाय.’ मामांनी ते चार दिवस खिशात बाळगलं आणि मग मराठीत उत्तर लिहिलं, ‘दिसलं. उठेल.’ तिथून सुरू झालं. आठवड्याला एक कार्ड जाई, एक येई, आणि त्यात तब्येत, पाऊस, नोकरी, माफी असलं काहीही नसे. मामी टपालपेटीपाशी उभ्या राहून वाचत आणि मला विचारत, ‘अहो, ह्या “बुलपेन थकलंय” म्हणजे तो थकलाय का हो?’ बुलपेन म्हणजे राखीव पिचरांचा ताफा, हे मी त्यांना दर वेळी सांगे. पुढच्या सप्टेंबरात टीम अचानक इतकी चांगली खेळायला लागली की प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी, आवाक्यात आली, आणि महिन्याच्या मध्यावर कार्ड आलं, ‘प्लेऑफमध्ये गेले तर मी येतो. दोघं जाऊ.’ मामांनी उत्तर पाठवलं, ‘करार मंजूर.’

तेव्हापासून मामांना खुर्चीत बसलेलं कोणी पाहिलं नाही. प्लेऑफची शक्यता टक्क्यांत मांडणारा आलेखाचा कागद फ्रिजवर लागला. कंपनीत सगळे कॅल्क्युलेटर वापरायचे, पण टीमचा हिशोब मामा जुन्या स्लाइडरूलवर, आकडे कोरलेल्या सरकत्या पट्टीवरच करत, कारण कॅल्क्युलेटर म्हणे ‘भावना न ठेवता आकडा टाकतो’. सकाळी सहाला माझा फोन वाजे. ‘जावईबापू, एक्केचाळीस.’ फोन बंद. दुपारी ऑफिसात परत, ‘चव्वेचाळीस. त्यांच्या पिचरचा खांदा दुखतोय.’ मोसमाच्या शेवटच्या शुक्रवारी चित्र असं होतं: आम्ही आणि पश्चिम किनाऱ्यावरची एक टीम अगदी बरोबरीत, उरलेले तीन सामने एकमेकांशीच, त्यांच्या मैदानावर. दोन जिंकेल तो प्लेऑफमध्ये, दुसरा घरी. कुठल्याही शाळकरी पोराने पन्नास टक्के सांगितले असते. मामांनी समुद्राचं वारं घेतलं, खांदा घेतला, अंपायरची नजर घेतली, आणि रात्रीच्या जेवणाआधी जाहीर केलं, ‘साडेत्रेपन्न.’

‘हे साडे कुठून आलं, मामा?’ मी विचारलं.

‘त्रेपन्न टीमचे,’ ते म्हणाले. ‘साडे माझं.’

मामींचा हिशोब वेगळा होता. त्यांनी शुक्रवारी सकाळी मिलिंदच्या खोलीतली चादर बदलली आणि पुरणासाठी हरभऱ्याची डाळ भिजत घातली. शुक्रवारी आम्ही हरलो, तर चादर काढून घडी घातली आणि डाळीचे वडे केले. शनिवारी पुन्हा डाळ भिजवली. शनिवारी जिंकलो, चादर पुन्हा अंथरली. मामा खोलीच्या दारातून बघून म्हणाले, ‘अगं, एक सामना राहिलाय, एवढी घाई कशाला?’ आणि स्वतः आत जाऊन उशी सरळ केली.

आता माझं सांगतो. माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना गेले. इथे आल्यावर मला नोकरीला लावलं मामांनी, गाडी चालवायला शिकवली मामांनी, आणि मिलिंद गेल्यावर त्याची खुर्ची मला मिळाली. मैदानावर जायची मामांची दोन तिकिटं असत. त्यातलं दुसरं मिलिंद गेल्यापासून माझं होतं. मी बेसबॉल शिकलो तो खेळासाठी नाही. सहाव्या इनिंगमध्ये मामा न बघता शेंगदाण्यांची पुडी माझ्याकडे सरकवत, त्यासाठी शिकलो. करार झाला त्या दिवसापासून रोज सकाळी मामांचा आकडा वाढला, की त्या तिकिटाचे माझे उरलेले सामने मी मोजायचो. मी ‘वा, मामा!’ म्हणायचो. टीम हरावी असं त्या घरात वाटणारा मी एकटा होतो, आणि हिरव्या खुर्चीत बसून मी मनात तेच मागत होतो.

रविवारी सामना आमच्याकडच्या दुपारी तीनला होता. मामांनी टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावला, कारण टीव्हीवाल्यांना ‘फक्त चेहरे कळतात’. सातव्या इनिंगमध्ये आम्ही दोन धावांनी मागे होतो. मी पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, आणि तेवढ्यात आमचा पहिला माणूस बेसवर पोचला. ‘जावईबापू, तिथेच!’ मी तिथेच. दुसरा पोचला. मधे एक बाद झाला, तिसरा पोचला. तिन्ही बेस भरले, एकच बाद, एका फटक्यात सामना आमचा. मामा खोलीच्या मधोमध उभे, दोन्ही हात आशीर्वाद दिल्यासारखे वर. मामी पोळपाटाशी, लाटणं छातीशी धरून.

तेव्हा फोन वाजला. भिंतीवरचा फोन माझ्या उजव्या खांद्यापासून दोन हात लांब होता.

‘बंद करा तो!’ मामा दातांतून म्हणाले. मी एक पाऊल टाकलं आणि उचलला.

‘दाजी?’ पलीकडे मिलिंद होता. मागे बसच्या इंजिनाचा आवाज. ‘बाबा आहेत का? आय नो, बेसेस लोडेड. इथे डेपोत टीव्ही आहे, मी पण बघतोय.’

‘मग काय रे?’ मी हळूच म्हणालो.

‘ऐका ना. मला ते जिंकायची वाट नाही बघायची. हरले तरी मला घरी यायचंय. पाच-वीसची बस आहे, दहा मिनिटांत निघेल. फक्त बाबांना विचारा, येऊ का. जस्ट आस्क हिम. मी होल्ड करतो.’

मामा माझ्यापासून आठ पावलांवर होते. ‘मामा, मिलिंद येऊ का विचारतोय’ एवढंच म्हणायचं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मागे न बघता एक बोट ओठांवर ठेवलं. ते बोट मी पुढे सहा वर्षं पुरवून वापरलं. मी स्वतःला सांगत आलो, की त्यांनीच गप्प राहायला सांगितलं, घरचा नियम होता, मी काय करणार? पण नियम मोडून मी एक पाऊल आधीच टाकलं होतं. आणि मला नियमाची पर्वा कधीच नव्हती.

‘आत्ता नको,’ मी भिंतीकडे तोंड करून मिलिंदला कुजबुजलो. ‘इनिंग चालू आहे, तुला माहितीय ना. आज राहू दे. मी सांगतो त्यांना. ते तुला रात्री फोन करतील.’

तो म्हणाला, ‘ओके. मग मी बस नाही घेत. मी रूमवर थांबतो फोनपाशी. सांगाल ना नक्की?’

‘सांगतो.’

मी फोन ठेवला आणि त्याच वेळी आमच्या माणसाने सरळ त्यांच्या खेळाडूच्या हातात बॉल मारला. एका फटक्यात दोघं बाद, एकूण तीन झाले, इनिंग खलास. पुढच्या दोन इनिंगमध्ये काही झालं नाही. मोसम संपला.

मामांनी हात खाली घेतले. बराच वेळ टीव्हीवरच्या दुसऱ्या टीमच्या नाचणाऱ्या माणसांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. ‘तुम्ही हललात, जावईबापू.’ रागाने नाही. एखाद्या टाकीचा जोड कुठे सुटला ते अहवालात लिहावं, तसं.

‘फोन होता, मामा.’

‘कोणाचा?’

‘राँग नंबर,’ मी म्हणालो.

त्यांनी रेडिओवर कापडाची खोळ चढवली. मामींना म्हणाले, ‘वाट ती डाळ.’ मामी जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा जवळ जाऊन म्हणाले, ‘अगं, करार म्हणजे करार. हरलो, म्हणजे तो नाही यायचा. माझ्यावर गेलाय. शब्दाचा पक्का आहे.’ आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं म्हणून सांगू, अभिमान होता. आम्ही तिघांनी वडे खाल्ले. ओक्लाहोमात एक मुलगा फोनपाशी बसला होता. मला ते ठाऊक होतं, आणि मी वडे खाल्ले, आणि शेवटचा वडा मामांनी माझ्या ताटात वाढला.

दुसऱ्या दिवशी सांगेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, कालच का नाही सांगितलं म्हणतील. आठवड्याने तर तो प्रश्न आणखी मोठा झाला. मामांनी नियमाप्रमाणे कार्ड टाकलं, ‘पुढच्या वर्षी डावखुरा पिचर हवा.’ उत्तर आलं नाही. आणखी दोन टाकली. मग मामा म्हणाले, ‘मोसम नाही ना आता. बरोबर आहे.’

मिलिंद हल्ली दोन वर्षांतून एकदा येतो. आता तो एका मोठ्या मैदानाचा मुख्य माणूस आहे, हाताखाली बारा जण. दोन दिवस राहतो, मामींना स्वयंपाकात मदत करतो, वडिलांशी पाहुण्यासारखा नीट बोलतो. पहिल्यांदा आला तेव्हा विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. उतरताना बॅग हातात घेऊन त्याने विचारलं, ‘दाजी, त्या रविवारी तुम्ही बाबांना सांगितलं होतं ना?’

मी म्हणालो, ‘सांगितलं होतं.’

त्याने मान हलवली. ‘ओके. जस्ट वाँटेड टू नो.’ आणि दार अगदी हळू लावलं. फोन हा घाबरटपणा होता असं म्हणून मी कदाचित सुटलो असतो. पण त्या दारात मी शांतपणे, गाडी बाजूला उभी करून, विचार करून खोटं बोललो.

मामा आता रिटायर झाले आहेत. शनिवारी सकाळी, शुगर लँडच्या त्या घामट उकाड्यात, ते स्वतः अंगणातलं गवत कापतात. शेजारच्या मुलाने कापून देतो म्हटलं तर देत नाहीत. एक पट्टा जाताना, एक येताना, मग आडवे, अगदी मैदानावर असतात तसे फिके-गडद चौकोन पडेपर्यंत. मागच्या महिन्यात मी गेलो तर घामाने निथळत ओसरीवर बसून त्या चौकोनांकडे बघत होते. म्हणाले, ‘जावईबापू, सोपं नाही हो हे. वाटलं होतं त्यापेक्षा फार अवघड आहे. हे त्याला कळवायला पाहिजे.’

‘कळवा ना, मामा.’

‘प्लेऑफमध्ये गेले की माझ्याबरोबर सामन्याला आपोआप येईल, तेव्हा सांगेन,’ ते म्हणाले. ‘करार आहे.’

हे लिहितोय तो आजचा दिवस पुन्हा मोसमाच्या शेवटच्या शनिवार-रविवारातला आहे. सकाळी सहाला फोन वाजला. ‘साडेबावन्न.’ मी विचारलं नाही, साडे कोणाचं. दुपारी मला तिकडे जायचं आहे. हिरवी खुर्ची माझ्यासाठी मोकळी ठेवलेली असेल, मामींनी डाळ भिजवली असेल, आणि कोणी हललं नाही तरी आणि सगळे हलले तरी सामना जसा व्हायचा तसा होईल.

मामांना मी एक वाक्य देणं लागतो: तुम्ही हरलात तरी तो येणार होता. आणि मिलिंदला एक: तुझ्या बाबांना मी विचारलंच नव्हतं.